जयंतीच्या हातच्या प्लेट्स

सुलक्षणाला कुणी विचारलं, "कशावर पीएचडी करतेस गं?" की ती म्हणायची, "बुरशीवर," आणि समोरचा नाक मुरडायचा. ब्रेडवर येते ती? हो, तिच्याच गोतावळ्यातली. मग ही बाई तिथल्या तिथे, रिक्षाच्या रांगेत असो की कुणाच्या बारशात, हवेत बोटाने एक गोल काढून समजवायला लागायची. घाटकोपरच्या भटवाडीतल्या तिच्या शेजारणी त्या गोलाला इतक्या कंटाळल्या होत्या, की बोट वर झालं रे झालं की एकीला तरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

तो गोल म्हणजे बुरशीची पेशी. पेशीच्या आतलं पाणी ना आंबट ना खारं, पीएचच्या मापात सांगायचं तर सातच्या आसपास. आता हीच पेशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाका. बाहेर पीएच साडेदहा, म्हणजे चांगलाच क्षार. त्या पाण्यात हात बुडवून ठेवला तर आपली कातडी बुळबुळीत होऊन सुटायला लागते, मग त्या एवढ्याशा जिवाची काय कथा? त्याचं आवरण फाटायचं, शिवाय भुकेने मरायचं ते वेगळंच, कारण साध्या बुरशीला अन्न आत ओढायला बाहेर आम्लाचे कण लागतात आणि सोड्यात नेमका त्यांचाच दुष्काळ. तरीसुद्धा काही बुरश्या तिथे मजेत नांदतात. "कशा नांदतात, तेच शोधतेय मी," सुलक्षणा म्हणायची, आणि तिचे डोळे असे चमकायचे की ऐकणाऱ्याला बुरशी नाही तरी सुलक्षणा आवडून जायची.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं तिच्या बापाने. धाकू मूळचा मालवणकडचा, गिरणीत ब्लीचिंग खात्यात होता. कापड सोड्यात उकळायचं ते खातं. बोटांची टोकं कायमची पांढरी पडलेली, नखं पोखरलेली. लहानपणी सुलक्षणाने विचारलं होतं, त्या हौदात मासे सोडले तर? "मासे कसले गो चेडवा, त्या पाण्यात काय्येक जगणा नाय," धाकू म्हणाला होता. गिरणी बंद पडली, धाकू म्हातारा होऊन गेला, पण पोरीने ते वाक्य काही सोडलं नाही. बापाला खोटं पाडायचं म्हणून नव्हे हं. ज्या पाण्याने आपल्या बापाचे हात खाल्ले, त्या पाण्यात कुणीतरी ऐटीत जगतंय, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

चाळिशी ओलांडल्यावर, लेक अक्षता जरा हाताशी आल्यावर, तिने पीएचडीला नाव घातलं. वाकोल्यात हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारी एक मोठी लाँड्री होती. तिचं सोड्याचं पाणी जिथे गटारात पडायचं, तिथल्या दगडावरचा थर ही बाई चमच्याने खरवडून बाटलीत भरून घेऊन आली. तिचा नवरा नितेश अंधेरीला एमआयडीसीत मशीनच्या दुरुस्तीला. तो म्हणाला, "लोकं बायकोला मॉलमध्ये नेतात, मी गटारावर नेली. झकास." पण नेली त्यानेच, स्कूटरवरून, नाक दाबून.

आता जयंती. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

मुलुंडच्या ज्या कॉलेजात सुलक्षणा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, त्याच विभागात जयंती. मुलुंडमध्ये आजोबांपासूनचं घर, बोलणं स्वच्छ, साडीची निरी कधी विस्कटलेली नाही. सुलक्षणा नोकरीला लागली तेव्हा स्टाफरूममध्ये तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. जयंतीने आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली. "बस गं इथे. डब्यात काय आणलंयस? बांगडा? अरे देवा, आता मला शेजार बदलायला लागणार." दोघी खळखळून हसल्या आणि जुळलं ते जुळलं. धाकू गेला त्या दिवशी घरात पहिला चहा जयंतीने ठेवला. अक्षता बारावीला अडली तेव्हा रोज संध्याकाळी तिला घरी बसवून शिकवलं तेही जयंतीनेच. उपकार मोजायचे नसतात म्हणतात, पण ते झालेले असतात ना!

म्हणून बुरशीच्या प्लेट्स जयंतीने करायला घेतल्या तेव्हा सुलक्षणाला बरंच वाटलं. बुरशी वाढवायची तर तिला खायला घातलेली जेली लागते. चायना ग्रास असतो ना, जवळजवळ तोच प्रकार, काचेच्या बशीत ओतून थिजवलेला. साध्या बुरशीसाठी ते सोपं आहे. पण त्यात सोडा घालायचा म्हटलं की नाटकं सुरू. जेली आणि सोडा एकत्र शिजवलात तर सगळं तपकिरी होतं आणि थिजता थिजत नाही. म्हणून दोन्ही वेगळं शिजवायचं आणि जेली अंगाला सोसेल इतकी निवली की नेमक्या त्या क्षणी सोडा मिसळून झटकन ओतायचं. जरा आधी मिसळलं तर पातळ, जरा उशिरा तर गुठळ्या. जयंती काचेचा चंबू मनगटाला लावून बघायची आणि म्हणायची, "आत्ता!" तिच्या प्लेट्स आरशासारख्या यायच्या. सुलक्षणाच्या प्लेट्स म्हणजे बिघडलेली खीर.

"तुझा हात गरम आहे बाई," जयंती म्हणायची. "तू आपली गटारं शोध, हे माझ्यावर सोड."

आपल्या बायकांनी प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यात कधी फारसा फरक केलेलाच नाही. जिचा हात चांगला तिने ते करायचं. जिला मोदकाची कळी जमते तिने मोदक वळायचे, बाकीच्यांनी नारळ खवायचा. आणि या रीतीबरोबर दुसरी एक रीत आपोआप येते. मैत्रिणीने वाढलेल्या भाजीत मीठ बरोबर आहे का, हे तिच्यासमोर चाखून बघायचं नसतं. जयंतीने साडेदहाची म्हणून दिलेली प्लेट साडेदहाची आहे का, हे बघायला एक कागदाची पट्टी पुरली असती. ती पट्टी सुलक्षणाने बुरशी लावायच्या आधी कधी लावली नाही. दुसऱ्या कुठल्या देशातल्या शास्त्रज्ञाने हा मूर्खपणा केला नसता. पण तिला ते मैत्रिणीचा अपमान केल्यासारखं वाटलं असतं, आणि तसं वाटण्यात तिचं काय चुकलं, हे अजून मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पहिलं वर्षभर काहीही उगवलं नाही. वाकोल्याचा थर प्लेटवर लावायचा, आठवडाभर बघायचं, कोरी प्लेट धुवायला टाकायची. सुलक्षणाचे मार्गदर्शक सुबोध सर भले माणूस, पण त्यांनीही शेवटी सांगितलं, "पुढच्या खेपेला काही दिसलं नाही तर विषय बदलू या." त्या दिवशी सुलक्षणा लेडीज टॉयलेटमध्ये कडी लावून रडली. नळ सोडून रडली, तरी बाहेर उभ्या जयंतीला ऐकू गेलं.

आणि काय आश्चर्य! पुढच्याच खेपेला प्लेटवर पांढरा कापूस फुटला. दोन-चार दिवसांत त्यावर हिरवट झाक आली. सुलक्षणाने सगळ्या स्टाफला वडे खाऊ घातले. प्राचार्यांना घातले, शिपायांना घातले. जयंतीने तिला मिठी मारली आणि मग ती थोडी गप्प गप्प होती. पण आनंदात असलेलं माणूस दुसऱ्याचा गप्पपणा बघतं थोडंच!

मग आणखी एक गंमत दिसली. शेजारी शेजारी दोन ढीग असायचे. एकातल्या प्लेट्सवर बुरशी लावायची, दुसऱ्यातल्या मुद्दाम कोऱ्या ठेवायच्या, तुलनेसाठी. त्या कोऱ्या म्हणजे कंट्रोल. बुरशी वाढल्यावर सुलक्षणाने दोन्हींचा पीएच मोजला. कंट्रोल पक्की साडेदहा. बुरशीची प्लेट जेमतेम साडेसात!

"जये, हे काय गं?"

जयंतीने चष्मा पुसला. "आम्ल सोडत असेल. काही बुरश्या सोडतात की! तुझी बया आपलं अंगण आपणच सारवून घेतेय. बाहेरचा सोडा मारायचा आणि मग निवांत राहायचं."

सुलक्षणाचा आनंद गगनात मावेना. कारण हे शास्त्रात बसणारं होतं. सोड्यात टिकायच्या दोन तऱ्हा असतात. एक, बाहेर आम्ल ओकून भोवतालच सौम्य करून टाकायचा. दुसरी तऱ्हा खऱ्या खंद्यांची. बाहेर हात लावायचा नाही, सोडा आहे तसा राहू द्यायचा आणि आपलं अंतरंग सांभाळायचं. त्या बुरश्या पेशीच्या आवरणातली चरबी बदलतात, एका खास आम्लधर्मी चरबीचं प्रमाण वाढवतात, आत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवून प्रथिनांना जपतात, आत घुसणारं सोडियम पंपाने उपसून बाहेर फेकतात. त्यांच्यात एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं असतं. बाहेर क्षार वाढला की त्याची शेपटी छाटली जाते आणि मग ते पेशीच्या केंद्रात जाऊन लागतील तेवढी जनुकं जागी करतं. सुलक्षणाची बुरशी पहिल्या तऱ्हेतली निघाली, असं ठरलं. सुबोध सर खूश. एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून बुरशीतली साखर आणि चरबी तपासली, तर ती अगदी साध्या बुरशीसारखी आली. सुलक्षणा जरा खट्टू झाली. जयंती म्हणाली, "वेडे, तिने बाहेरच सोडा मारलाय तर आत साखर साठवायची गरज काय?" पटलं. पटण्यासारखंच होतं ते.

असा पुढच्या चार वर्षांत प्रबंध उभा राहिला. मुदतवाढ मिळायची तेवढी मिळून झाली होती, आता ही शेवटची. सादर करायला काही आठवडे उरले होते. ऋणनिर्देशात आईवडिलांच्याही आधी जयंतीचं नाव होतं.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू स्टाफरूममध्ये दर वर्षी व्हायचं. त्या वर्षी सुलक्षणाने पुढाकार घेतला होता, बायकांना हळदीकुंकू लावून तिची बोटं पिवळीजर्द झाली होती. तेवढ्यात आठवलं, प्रबंधात घालायला बुरशी लावायच्या आधीच्या प्लेट्सचा फोटो राहिलाय. तशीच उठून ती प्रयोगशाळेत गेली. शेवटच्या खेपेची बुरशी लावण्यासाठी जयंतीने सकाळी ओतून ठेवलेल्या ढिगातली एक प्लेट घेतली, झाकण काढलं आणि घाईत बोट जेलीला लागलं.

"श्शी! वाया गेली," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग थबकली.

जेलीवर हळदीचा ठसा होता. पिवळा.

आता हळदीत चुना पडला की ती लाल होते, म्हणून तर कुंकू होतं, हे पूजेचं सामान विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. चुना काय, सोडा काय, क्षार तो क्षार. साडेदहाच्या जेलीवर हळद लागली तर ती तांबडीलाल व्हायलाच पाहिजे. सुलक्षणा वाट बघत उभी राहिली. ठसा पिवळाच. तिने दुसरी प्लेट उघडली, मुद्दाम बोट टेकवलं. पिवळा. मग कंट्रोलच्या ढिगातली एक घेतली आणि तिला बोट लावलं, तर बघता बघता ठसा लालभडक झाला.

हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी तिने पट्टी लावली. अख्ख्या ढिगाला लावली, एकेक करून. बुरशीसाठीच्या सगळ्या प्लेट्स साडेसातच्या. कंट्रोलच्या सगळ्या साडेदहाच्या. म्हणजे बुरशीने आम्लबिम्ल काही सोडलं नव्हतं. सारवायला अंगणात सोडाच नव्हता.

 आधी तिला वाटलं, चूक झाली असेल आज, ढिगांची अदलाबदल. माणसाचं मन कसं असतं बघा, घरात चोर दिसला तरी आधी म्हणतं, पाहुणा असेल.

जयंती वाण वाटून हसत हसत आत आली. "अगं तू इथे काय करतेस? तिळाच्या वड्या संपायला आल्या."

"जये, ही प्लेट कितीची आहे?"

"साडेदहाची. का?"

सुलक्षणाने तिच्यासमोर बोट टेकवलं. दोघींनी त्या पिवळ्या ठशाकडे बघितलं.

"हळद जुनी असेल," जयंती म्हणाली.

सुलक्षणाने कंट्रोलची प्लेट पुढे ओढली आणि त्याच बोटाने तिच्यावर रेघ मारली. रेघ लाल झाली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू आधी बस बघू."

"कधीपासून, जयंती?"

जयंती स्टुलावर बसली. "पहिली उगवली ना, तेव्हापासून." मग ती भराभरा बोलायला लागली. "तू रडत होतीस गं आत. मला नाही बघवलं. म्हटलं, एकदा सोडा कमी घालू, काहीतरी उगवू दे, हिला जरा हुरूप येऊ दे. मग पुढच्या खेपेपासून हळूहळू वाढवू. पण तू लगेच वडे वाटलेस सगळ्यांना! सरांना फोन केलास. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"आणि कंट्रोल? त्यात सोडा पुरता घालत होतीस. म्हणजे मी जे मोजणार ते खरं, आणि मी ज्याला विश्वासाने हात लावणार नाही ते खोटं. चार वर्षं दर खेपेला दोन वेगळे चंबू केलेस तू. आणि आम्ल सोडतेय हे कोण म्हणालं होतं? तूच ना?"

"मग काय म्हणायला हवं होतं? तू विचारलंस, मला सुचलं ते बोलले." जयंतीचे डोळे भरले होते, पण आवाजात आता थोडी चीड होती. "सुलू, जरा व्यवहाराने वाग. तुला काय जग बदलायचं होतं का? नावापुढे डॉक्टर लागायला हवं होतं, ते लागतंय. तुझ्या बाबांना आनंद झाला असता. कुणाचं काय बिघडलं यात? कुणाला कळणार आहे?"

सोड्याने हात झोंबतात ते सुलक्षणाला माहीत होतं. हे त्याहून आत गेलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असतं, आणि कापणाऱ्याला वाटत असतं की आपण केस विंचरून देतोय. सोडा कमी घातला याचं तिला एवढं वाटलं नाही. ही आपल्याला इतकी वर्षं काय समजत होती, ते तिला त्या वाक्यात कळलं. एक बिचारी. गिरणी कामगाराची हौशी पोर, जिला पदवीचा कागद मिळाला की पुरे. हिला खरं काही सापडेल, असं जयंतीला एकदाही वाटलं नव्हतं.

"तुला वाटलं मला जमणारच नाही," ती म्हणाली.

जयंतीने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. आणि हो म्हणाली असती तरी चाललं असतं.

घरी नितेशला सांगितलं, तर तो आधी जयंतीच्या नावाने शिव्या घालून मोकळा झाला आणि मग म्हणाला, "पण मी काय म्हणतो, दे ना सबमिट करून. हळदीचा हात घेऊन कोण तपासायला येणार आहे?" सुलक्षणाने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाल्कनीत गेला. तिलाही मोह झाला नाही असं नाही. झाला, चांगला दोन दिवस झाला. झोपेतून उठलं की पहिल्यांदा तोच यायचा. पण ज्यात एक ओळ खरी नाही त्याच्यावर आपलं नाव घालायचं आणि मग वर्गात उभं राहून पोरांना सांगायचं की निरीक्षण प्रामाणिक असावं? तिला ते जमणार नव्हतं. ती सुबोध सरांकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या प्लेट्स चुकल्या होत्या, सर. सगळ्याच. मी काम मागे घेते."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मुदत संपत आलीय, सुलक्षणा. आता मागे घेतलंस तर नोंदणी जाईल."

"माहितीय."

जयंतीचं नाव तिने घेतलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, उगाच तिला देवी करू नका. ते जयंतीने स्वतः सांगावं, अशी तिची इच्छा होती. फक्त तेवढीच. स्टाफरूममध्ये एकदा म्हणावं, बायांनो, हिच्या नाही, माझ्या प्लेट्स चुकल्या. मग कदाचित, कदाचित काहीतरी उरलं असतं.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात डब्याच्या वेळी वसुधा मॅडमनी विषय काढला. त्या गणित शिकवायच्या आणि कुणाचंही काही चुकलं की त्यांना भूक लागायची. "काय गं सुलक्षणा, चार वर्षं पीएच मोजलाच नाहीस म्हणे? कमाल आहे बाई! आमच्याकडे एफवायच्या पोरी मोजतात."

कुणीतरी हसलं. सुलक्षणाने मान खाली घातली नाही. तिने समोर बसलेल्या जयंतीकडे बघितलं आणि वाट बघितली. जयंतीच्या हातात चमचा होता. तिने ओठ उघडले. मग डब्याचं झाकण उघडून एक गुळाची पोळी काढली आणि सुलक्षणाच्या पुढ्यात ठेवली. "खा गं. तू आज काही आणलेलं दिसत नाहीस."

बस्स. एवढंच बोलली ती. प्लेट्सच्या वेळी निदान कीव तरी होती. या खेपेला नुसती भीती होती, तीही वसुधा मॅडम काय म्हणतील याची! सुलक्षणाने पोळी उचलून परत तिच्या डब्यात ठेवली, उठली आणि त्या दिवसापासून आपली खुर्ची खिडकीजवळ नेली. तिथे ऊन यायचं, पण चालायचं.

मग तिने जे केलं त्याला पदवीशी काही देणंघेणं नव्हतं. पदवी गेली होती. ती फक्त संतापली होती आणि संतापाला काहीतरी काम लागतं. ती प्लेट्स ओतायला शिकली. सगळे गेले की चंबू मनगटाला लावून बसायची. आधी खीर झाली, मग गुठळ्या झाल्या, मनगटावर फोड आले आणि मग एकदा जमलं. प्रत्येक प्लेटला पट्टी लावून बघितली. स्वतःच्या हातचीसुद्धा.

पहिल्यांदा तिने चार वर्षं सांभाळलेली आपली बुरशी त्या खऱ्या साडेदहावर लावली. ती तिथल्या तिथे मेली. नंतर नीट बघून ओळख पटवली, तर निघाली अगदी मामुली. शिळ्या भाकरीवर येते ती. सोडा जेमतेम असलेली मऊ जेली मिळाली म्हणून हवेतून येऊन बसलेली. या बयेसाठी सुलक्षणाने सुट्ट्या घालवल्या होत्या, अक्षताच्या वाढदिवसाला उशिरा गेली होती. त्या दिवशी मात्र ती घरी येऊन नितेशसमोर ढसाढसा रडली आणि त्याने काही विनोद केला नाही.

मग ती एकटीच परत वाकोल्याला गेली. लाँड्री चालू होती, गटार होतं तिथेच होतं. नवा थर आणला, प्लेट्सवर लावला. आठवडा झाला, काही नाही. इथेच दर वेळी प्लेट्स धुवायला जायच्या. जयंतीच्या शिस्तीत आठवड्यापलीकडे कोरी प्लेट राहत नसे, काचसामान अडतं म्हणून. सुलक्षणाने नाही धुतल्या. ओल टिकावी म्हणून पिशवीत बांधून कपाटात ठेवल्या आणि रोज बघत राहिली. पंधरवडा गेला. महिना होत आला. विद्यार्थी विचारायचे, मॅडम, त्या कोऱ्या प्लेट्स टाकू का? ती खेकसायची.

आणि एका दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर, एका प्लेटच्या कडेला तिला काहीतरी दिसलं. आधी वाटलं ओरखडा आहे. भिंग लावलं. नव्हता ओरखडा. फिकट गुलाबी, विरळ, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे होते आणि ते जेलीत रुतून पुढे सरकत होते. तिने अगदी त्यांच्या अंगाला खेटून पट्टी लावली. साडेदहा. आम्ल नाही, सारवणं नाही, बाहेरचा सोडा जसाच्या तसा होता आणि त्यात ते बसलं होतं. त्याच प्लेटच्या कडेचा जेलीचा एक कण तिने तीन आठवड्यांपूर्वी बिनसोड्याच्या मऊ जेलीवरही लावून ठेवला होता, डोळ्यांना न दिसणारं काही रुजलंच असेल तर म्हणून. तिकडे काहीही नव्हतं. याला सोडाच लागत होता! म्हणजे पहिल्या वर्षीही ते असणार. त्या धुतलेल्या कोऱ्या प्लेट्सवर. आणखी तीन आठवडे कुणी दम धरला असता तर.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "जगता हा रे."

 प्लेट दोन्ही हातांत धरून ती निघाली. कॉरिडॉर, जिना, उजवीकडे. कुठे चाललोय हे तिने ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांत काही चांगलं झालं की पाय जिकडे वळायचे तिकडे ते वळले. जयंती प्लेट्स ओतायची त्या मीडियारूमचं दार तिने कोपराने ढकललं आणि हाक तोंडातून निघूनही गेली. "जये!"

जयंती सिंकपाशी उभी होती. ती वळली. सुलक्षणाचा चेहरा, हातातली प्लेट, सगळं तिने एका नजरेत ओळखलं. तिचा सगळा चेहरा उजळला. खोटा नव्हता तो आनंद, तेच तर वाईट होतं. पदराला हात पुसत ती पुढे आली.

"आली?" तिने विचारलं. "सुलू, आली ना गं?"

सुलक्षणाने प्लेट छातीशी धरली. दाखवावी असं तिला फार फार वाटलं. या अख्ख्या मुलुंडमध्ये, त्या एवढ्याशा गुलाबी धाग्याची किंमत कळणारं हे एकच माणूस होतं.

"नाही," ती म्हणाली. जयंतीशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.